पेजेइतकं

पणजीत पडद्यावर माझी रेघ सुंदर चढते,
निळ्यातून तांबड्यात,
भरतीच्या एकेका तासाला टेकत,
आणि टाय घातलेले चौघे मान हलवतात.

तीच रेघ मी जुव्याला नेली.
पंचायतीच्या भिंतीवर चादर लावली,
ती फडफडते म्हणून पंखा बंद केला,
आणि घामाघूम लोकांना सांगितलं :
खाजनातली क्षारता वाढते आहे.
कुणी काही बोललं नाही.
भेंड्यांची पाटी घेऊन आलेली बाई उठून गेली,
बाजार थोडाच थांबतो.
सरपंच म्हणाले, चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी मानशीवर गेले.
रुझार बांधातलं दार उचलत होता,
फळ्या फुगलेल्या,
कडेला कालवं चिकटून बसलेली.
मी यंत्र बुडवलं.
त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं,
थुंकला.
"आज पेजेइतकं. परवा हुमणाइतकं होतं."
यंत्र म्हणालं, लिटरला पाच ग्रॅम.
वहीत मागे गेले. परवा : दहा.
रुझार दोरीला गाठ मारत होता.

आधी मला राग आला, खरं सांगते.
यंत्र साठ हजारांचं आहे.

पुढच्या सभेला चादर नेली नाही. पंखा चालू.
म्हटलं, पेजेइतकं असेल तर कोरगूट तग धरेल,
हुमणाइतकं झालं
तर लोंबी येईल, आत दाणा नसेल,
आणि बरणीतल्या तोरांच्या खाराइतकं झालं तर
"तर कांदळच लावूया!" मागून कुणीतरी ओरडलं.
लोक हसले. मीही.
वाटलं, जमलं.

तेवढ्यात आनाक्लेत उभी राहिली, हात कमरेवर :
"कोणाले पेजेइतलें गो, बाय?
माझ्या नवऱ्याला रक्तदाब. आमच्या पेजेत मीठ नसतंच.
आणि ही फेर्मिना, हिच्या घरची पेज म्हणजे
मिठागराला वाढलेलं ताट."
फेर्मिना उठली.
फेर्मिनाची जाऊ उठली.
अर्धा तास मी मध्ये पडले नाही.
भांडण माझ्या ओळखीचं होतं.
आम्ही त्याला वेगळं नाव देतो
आणि त्यावर तीन दिवसांच्या परिषदा भरवतो,
जेवणासकट.

शेवटी शाळेची पेज धरायची ठरलं.
लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा मीठ,
काठाशी सपाट.
चमचा मुख्याध्यापिकांच्या कपाटात, किल्ली आनाक्लेतकडे,
कारण फेर्मिनावर तिचा विश्वास नाही
आणि फेर्मिनाचा मुख्याध्यापिकांवर.

सहावीची मुलं ओहोटीला मानशीवर जातात.
चाखतात, थुंकतात, भांडतात,
मग माझं यंत्र बुडवून
कोण हरलं ते बघतात.
चौकातल्या फळ्यावर खडूने :
मंगळवार, पाऊण पेज.
बुधवार, दीड.
शनिवारी कुणीतरी लिहिलं :
हुमण, पण मासा नाही.

सलग चार दिवस फळ्यावर दोन पेजा राहिल्या
तेव्हा पाचव्या रात्री मी खोलीत
पुढच्या सभेचं भाषण लिहीत होते.
बांधावर बॅटऱ्या हलताना दिसल्या.
खाली जाऊन पाहते तर पन्नासेक माणसं,
टोपल्यांनी चिखल हातोहात जात होता.
सभा मी बोलावलीच नव्हती.
भाषण अजून वहीत आहे, बरं झालंय तसं.

निबंध पाठवला. परीक्षकाने विचारलं,
तक्ता चार, शेवटचा स्तंभ : हे एकक कुठलं?
रूपांतर तळटीपेत दिलं.
चमच्याचा व्यासही दिला.

पण मोजायच्या दिवशी
रुझार सकाळपासून तंबाखू खात नाही,
चूळ भरून थांबतो पाण्याशी,
हे पद्धतीच्या भागात लिहायचं राहून गेलं.