वीतभर अंतर

लॅम रोडला चुंग मास्तरांचं बुटांचं दुकान.
पुढे काउंटर, मागे कपाटं, कपाटांच्या मधे
दोन फुटांची बोळ. तीच आमची तालीम.
हात पसरला की एकीकडून गमबूट कोसळत,
दुसरीकडून सोल्युशनचा डबा.
म्हणून कोपर बरगडीशी.
मला वाटायचं, जागा नाही म्हणून.
दुकानाला मागे अंगण होतं, हे वर्षभराने कळलं.

मास्तर कलकत्त्याच्या टांगऱ्याहून आलेले, कातड्याच्या वासातून.
हाक्का बोलत ते फक्त अरी बोटात गेली की.
एरवी मराठी, देवळाली कॅम्पची,
लष्करी हिंदीचे टाके घातलेली.

"लांबून मारणारा नाचतो.
आपल्याला नाचता येत नाही. जवळ जा.
त्याने काय खाल्लं ते कळलं की थांब."

हात मागे ओढायचा नाही,
जिथे असेल तिथूनच निघायचं.
ठोसा वीतभर. जमलं तर त्याहून कमी.
जोर टाचेतला, पाठ कासवाची,
छाती जरा आत गिळलेली,
कुणी वाईट बातमी सांगावी
आणि आपण अजून रडलेलो नसावं, तशी.

मनगटावर मनगट ठेवून म्हणत, हा पूल.
मी म्हटलं, दारणेवरचा?
हसले नाहीत.
"तोच समज. भरलेला ट्रक कुठला, रिकामा कुठला,
पुलाला विचारावं लागत नाही.
ढकलू नको. ओढू नको. नुसती ऐक."

मी ऐकायचे. चार महिने
मला माझंच मनगट ऐकू यायचं.

एकदा अंगणातल्या कण्हेरीवर किडा दाखवला,
हिरवा, हात जोडून बसलेला.
आम्ही शरणपूरची ख्रिस्ती पोरंसुद्धा
याला खंडोबाचा किडाच म्हणायचो, मी सांगितलं.
मास्तर वाकून बघत राहिले.
"देवाचं नाव दिलं? छान.
पण हा नमस्कार नाही, एस्तेर.
हा मोजतोय."

माझं काम नाशिकरोडच्या दवाखान्यात, रक्त काढायचं.
वीतभर अंतरावर रोज पन्नास-साठ माणसं,
कोण मान वळवतं, कोण विनोद करतं.

निवृत्ती बोराडे आला रात्री अडीचला,
मार्केट यार्डातला, पोती उचलणारा, दाराएवढा.
दंडाला पट्टी बांधली, सुई उघडली
आणि त्याने हात उगारला. खरंच उगारला.
ट्रे उडाला. वॉर्डबॉय पळाला.

माझा हात कधी निघाला मला माहीत नाही.
मागून नाही निघाला, एवढं नक्की.
त्याच्या हाताला आतून टेकला, कोपर खाली बसलं,
मी एक पाऊल पुढे, त्याच्या छातीपाशी,
गळ्याची वाट मोकळी, बरगडीची मोकळी,
दहा वर्षं जिची तालीम केली ती सगळी जागा
माझ्यासमोर उघडी.

आणि पूल बोलला.
अंगात ताप, एकशे तीनच्या वर.
नाडी धावतेय, पण माझ्याकडे नाही,
माझ्यापासून लांब.
ट्रक रिकामा होता.
एवढा मोठा माणूस आणि आत
कुणीच नव्हतं मारणारं.

मी चिकटून राहिले. तो वर गेला, मी वर गेले,
तो खचला, मी त्याच्यासोबत खाली, बाकापर्यंत.
आणि तिथे, माझ्याच बोटाखाली,
दोनदा शोधून न सापडलेली शीर
अलगद वर आली.

रविवारी मास्तरांना सगळं सांगितलं.
बुटाला सोल ठोकत होते, तोंडात चार खिळे.
एकेक खिळा संपेपर्यंत बोलले नाहीत.
मग म्हणाले, "ट्रे कसा उडाला?"

मी म्हटलं, त्याचा हात लागला.

"म्हणजे उशीर झाला," म्हणाले,
आणि मनगट पुढे केलं.