कॉलर

डुलुथला सरोवरावरचं बर्फ एप्रिलात फुटतं,
बंदुकीसारखा आवाज होतो.
आम्ही तळघरात जस्ताच्या पत्र्यांना ॲसिड पाजत असू.
मी ओस्मो, सतरा वर्षांचा, नखं कायमची पिवळी.
वर तिसऱ्या मजल्यावर टोर्स्टेन हाल्बर्ग
राष्ट्राध्यक्षांची कॉलर काढत असे.

सुरुवातीला ती नुसतीच कॉलर होती,
खळ दिलेली, बँकवाले घालतात तसली.
जकातीचं बिल आलं, ती हनुवटीपर्यंत चढली.
रेल्वेवाल्यांना जमीन फुकट दिली, ओठांपर्यंत.
मग वर लोखंडाच्या खाणीत संप झाला,
सैनिक आले,
आणि त्या आठवड्यात कॉलरनं कान झाकले.
तिच्या पायथ्याशी सात टोप्या, मजुरांच्या, पडलेल्या.
सातवीचा काठ फाटका होता.
ती मी घरून नेऊन दाखवली होती त्याला.
भाऊ नव्हता, टोपी होती.

निवडणुकीपर्यंत चेहरा उरलाच नाही.
वर हॅट, खाली कोट, मध्ये पांढरं धुराडं.
तरी गोदीतला अक्षरशत्रू हमाल
बोट ठेवून सांगायचा, हाच तो.

हाल्बर्ग स्वतः हसायचा नाही.
पेन्सिल चावत म्हणायचा,
टोप्यांच्या रेघा बारीक आहेत, ओस्मो,
ॲसिडात फार ठेवू नकोस, खाऊन टाकील.

आणि एक दिवस गाडी आली.
शेवटच्या डब्याच्या सज्ज्यात एक ठेंगणा गृहस्थ,
कॉलर मऊ, घामानं बसलेली,
गळ्यावर दाढी करताना कापलेलं, तिथं कापसाचा कण.
टाळ्या वाजता वाजता अडखळल्या.
बापाच्या खांद्यावरून एक पोरगी ओरडली,
हा तो नाहीच!
सगळे हसले. तोही हसला,
पण हात आपसूक गळ्याकडे गेला.

त्या रात्री हाल्बर्गनं तो कापूस काढला.
क्रॅडॉकसाहेबांनी कागद दिव्याशी धरला,
हा कोण? आपला आण.

जूनमध्ये पत्र आलं. जाड कागद, उठावाचा गरुड.
चिटणीस लिहीत होता,
कान झाकलेलं ते चित्र साहेबांना फारच आवडलं,
मूळ प्रत मिळाली तर अभ्यासिकेत लावू म्हणतात,
पाहुण्यांना दाखवून स्वतःच पोट धरून हसतात.
क्रॅडॉकसाहेबांनी पत्र दर्शनी काचेत लावलं.
न्हावी हाल्बर्गकडून पैसे घेईना,
चर्चमध्ये पुढचा बाक रिकामा राहू लागला त्याच्यासाठी.
चार शहरांत मान मिळाली असती तरी कमीच, लोक म्हणाले,
आणि मला हसू आलं, कारण मान
हीच एक गोष्ट त्यानं त्या माणसाला
चार वर्षांत एकदाही काढून दिली नव्हती.

मूळ प्रत नव्हतीच.
हेडविगनं तिच्यात खारवलेले हेरिंग गुंडाळून
बहिणीकडे धाडले होते थँक्सगिव्हिंगला.

म्हणून तो खिडकी लावून तेच चित्र पुन्हा काढत बसला.
तीन दिवस.
शाई वाळल्यावर मला हाक मारली, बघ, जमलंय का.
मी कपाटातून जुना पत्रा आणला,
पत्र्यावर सगळं उलटं, म्हणून आरसा धरला,
आणि आरशातून कागदाकडे, कागदावरून आरशाकडे
मोजत राहिलो.

सहा.

त्यानं मला मोजताना पाहिलं.
ब्रश धुवायला पाठ फिरवली.
जागा पुरली नाही रे, म्हणाला.

कॉलर दोन बोटं खाली उतरली होती.
वर कागद केवढा तरी कोरा होता.

जुने पत्रे शनिवारी वितळवायला जात.
तो मी शर्टाच्या आत घालून घरी नेला,
जस्त थंडगार,
चालताना फासळ्यांना लागत होतं.