दुसऱ्या आणि तिसऱ्या धवल्यामध्ये

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रबरी वायसर बनवणाऱ्या युनिटच्या माळ्यावर
आंबापोळी सुकवायच्या पेटीत
मी टेप भाजत ठेवलीय.
चोपन्न अंश. आठ तास.
न भाजता लावली तर ती चिकटते, किंचाळते,
हेडवर तपकिरी भुकटी सोडते,
बारकूबायच्या मिसरीसारखी.
भाजल्यावर एकदा नीट वाजेल. फार तर दोनदा.

प्रचिती लॅपटॉप उघडून बसलीय.
घणसोलीची. मढवी. बारकूबायची पणती.
तिच्या पडद्यावर एक आडवी रेघ,
कुणी काही बोलायची वाट बघणारी.

सत्त्याऐंशी साली मी वागळे इस्टेटीत होतो,
सोळा नंबरच्या रस्त्यावर, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या.
आम्ही शुक्रवारी रेकॉर्ड करायचो,
त्या दिवशी शेजारचं प्रेसमशीन बंद.
बारकूबाय माइककडे बघायच्याच नाहीत.
"यो कानान घालाचा का तोंडान?"
मग मांडवात बसल्यासारख्या बसल्या
आणि तीन धवले गायल्या. लागोपाठ.
त्यांचे खोकले मी ब्लेडने कापले,
तिरका काप, पंचेचाळीस अंशात, पांढऱ्या पट्टीने जोडून.
कापलेले खोकले जमिनीवर पडले होते,
झाडूवालीने नेले.

पेटी उघडली. स्पूल कोमट, तान्ह्या पोराच्या टाळूइतका.

पहिला धवला आला.
प्रचिती काही बोलली नाही, नुसती रेघ डोंगराएवढी झाली.
दुसरा आला.
मग पाच सेकंदं सुनं,
आणि मग
ढेकणांच्या औषधाची जाहिरात.
ढोलकी, बाजाची पेटी, तीन पोरींचा कोरस.

"तिसरा कुठाय?"

आता हिला कसं सांगू.
आठ महिन्यांनी पार्टी दारात उभी होती,
रोख पैसे घेऊन, आणि बाजारात कोरी टेप नव्हती.
तेव्हा टेप म्हणजे पाटी. पुसायची, लिहायची.
लोक मला आता विचारतात, काका, तेव्हाची ऊब, तेव्हाचा गोडवा,
आणि मी मान डोलावतो, चहा घेतो.
पुसायचं बटण लाल होतं, हे कुणी विचारत नाही.

ती ओरडली नाही.
तिने ती पाच सेकंदं उचलली, मोठी केली,
अजून मोठी. सूं सूं आवाज
ठाणे खाडीच्या रात्रीच्या वाऱ्यासारखा खोलीत शिरला.
ती खरवडत राहिली, पट्टा पट्टा करून,
खापरीचं तळ खरवडावं तसं.

आणि सूंसूंच्या मागे कुणीतरी होतं.

टेप गुंडाळून ठेवली की
एक वेटोळं दुसऱ्याला लागून निजतं.
ओल्या लुगड्याचा रंग घडीतल्या धोतराला लागावा
तसा आवाज शेजारी उतरतो.
आम्ही या प्रकाराला शिव्या द्यायचो.
मी तिसरा धवला पुसला तेव्हा
त्याची सुरुवात आधीच्या सुन्या वेटोळ्यात
आठ महिने निजून गेली होती.
तिथवर माझं लाल बटण पोचलंच नाही.

कोन गो आयली दारान

एवढंच. चार शब्द,
भिंतीपलीकडून आल्यासारखे. त्यावर लगेच ढेकूण.

प्रचितीने ते अकरा वेळा ऐकलं.
तिचं यंत्र थकत नाही, तिच्या फायलीची भुकटी होत नाही.
माझं स्पूल तोवर फिरून फिरून मोकळं झालं होतं,
टेपचं शेपूट पटपट आपटत होतं,
आणि मला उठून ते थांबवायचंही सुचेना.

"काका, कोण आली? पुढं काय होतं?"

मी समोर होतो, पोरी. हेडफोन कानावर होते.
पण मी काट्याकडे बघत होतो,
तो लाल रेघेला लागू नये म्हणून.
बाईंचा आवाज फार उसळायचा.

जाहिरात विचार.
जाहिरात मला अजून तोंडपाठ आहे.