वर्षातले चार दिवस

मुज्तबा विचारतो, डांबर किती, माती किती?
आणि मी हिशेब सांगत बसतो:
परभणी ते सेलू डांबर, सेलू ते मानवत डांबर,
भाजी, बँक, पोरीचा क्लास, डांबर.
माती वर्षातून चार वेळा.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर,
विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली गेलं
ते वहीत लिहायचं, एवढीच माझी नोकरी.
त्यातही उन्हाळ्यात माती म्हणजे दगडच,
तेव्हा भय धसकटांचं. तुरीचं धसकट
खिळ्यासारखं टायरच्या गालात शिरतं.
उरला ऑक्टोबर.
म्हणजे चारही नाही सर, तो म्हणतो, एकच दिवस.

तीन टायर भिंतीला टेकवून ठेवलेत त्यानं.
पहिला हायवेचा, गुळगुळीत स्वभावाचा,
ऐंशीला गेलं तरी तोंडातून शब्द काढणार नाही.
तिसरा नुसता दातांचा. चिखलाचा.
हा घेतला तर, मुज्तबा म्हणतो,
सेलूपर्यंत गाणी ऐकायची विसरा,
पावसात ब्रेक दाबताना अल्लाचं नाव घ्या,
आणि डिझेलचं मला विचारू नका.
मधला दोन्हीकडचा.
दोन्हीकडचा म्हणजे दोन्हीकडे थोडा कमी,
हे तो सांगत नाही, पण लपवतही नाही.

मी नक्षीत रुपयाचं नाणं घालून बघतो,
बाजारात बैलाचे दात बघावेत तसं.
खाच रुंद पाहिजे, मी म्हणतो,
आपली काळी माती एकदा खाचेत बसली की निघत नाही,
दोन वेढ्यांत टायरचा लाडू होतो,
मग दात असले काय, नसले काय.
मुज्तबा मान हलवतो.
माती झटकणारे टायर कंपन्या बनवतात सर,
पण त्यांनी आपली माती कुठं पाहिलीय?

त्याला मी सांगत नाही ते असं:
मागच्या ऑक्टोबरात धामणवाडीच्या पांदणीत
गाडी पोटावर बसली.
विहीर दिसत होती, तीन शेतं पलीकडे.
सोजरबाई तुराट्यांचा भारा घेऊन आली,
चाकाखाली घातल्या, मोडल्या, परत घातल्या,
ट्रॅक्टर मिळेस्तोवर दिवेलागण.
म्हणाली, विहिरीचं काय ते मला इचारा की,
बारा हातावर हाय पाणी.
मी बाराला पंचेचाळीस सेंटिमीटरनं गुणलं
आणि वहीत लिहिलं: ५.४०.
तो शेवटचा शून्य इतका खरा दिसत होता
की वरच्या ऑफिसात कुणी विचारलंच नाही.

एका दिवसासाठी, उर्मिला म्हणाली,
बारा महिने गाडीत घरघर?
मी म्हणालो, सेफ्टी.

मधला घेतला. चार.
जुने मुज्तबानं ठेवून घेतले, बैलगाडीला लागतात म्हणाला.
नव्या रबरावर बारीक केस होते.
हे झडेपर्यंत जपून, नवा टायर घसरतो.
आणि मातीत हवा कमी करा, बावीसपर्यंत,
डांबरावर आलात की परत भरा. विसरू नका.

ऑक्टोबरात पांदणीच्या तोंडाशी उतरून
मी हवा सोडली. त्या फुस्स आवाजानं
बाभळीवरचे होले उडाले.
गाडी एकदा डावीकडे सरकली, बांधाला घासली,
एकदा जागीच फिरली, आणि मग
म्हातारं जनावर उठतं तशी,
आधी मागून, मग पुढून, वर आली.

टेप सोडला. पाच बहात्तर.
सोजरबाई कठड्याला टेकून उभी होती.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
तेराला थोडं कमी.

वही मिटली. परत उघडली.
मागच्या वर्षीच्या ५.४० समोर
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मोजमाप, सोजरबाई.
आणि गाडीकडे येताना आठवलं,
हवेचा पंप घरीच राहिलाय.