खालून वाहणं

कोरियाबाईंना आता फळा दिसत नाही,
म्हणून मीच लिहितो, मीच पुसतो.
माझगावात, म्हातारपाखाडीच्या लाकडी जिन्याच्या घरात,
बुधवार-शनिवार, ड्यूटी सुटल्यावर.
पोर्ट ट्रस्टात शिपाई मी, वय एकेचाळीस,
क्लार्कच्या परीक्षेत दोनदा आपटलेला.

"पाठ करू नकोस अंकुश," बाई म्हणतात,
"शब्दाचं मूळ धर. लॅटिन धर."
म्हटलं, बाई, ती तर मेलेली भाषा.
"मेली रे. पण तिच्या पेन्शनवर
इंग्रजीचं घर अजून चालतंय."

पोर्ट म्हणजे वाहणं.
बंदराचा पोर्ट निराळा, त्याला चुलतभाऊ समज.
पोर्टर, वाहणारा.
एक्सपोर्ट, बाहेर. इम्पोर्ट, आत.
रिपोर्ट, मागं आणून दिलेलं;
हे मला ठाऊक होतं, साहेबांच्या टेबलावर
रोज तेच तर ठेवतो.
स्पोर्टमधूनसुद्धा पोर्ट निघाला,
कामातून जिवाला लांब वाहून नेणारा.
आणि सपोर्ट?
"सब म्हणजे खाली. खालून वाहणं."

खडू तसाच राहिला हातात.
मशीद बंदरात बापू खालूनच वाहायचे.
मानेवर घट्टा, लिंबाएवढा.
लहानपणी मी त्यावर बोट ठेवून झोपायचो.

आमच्यात सगळंच वाहतं, मी म्हटलं,
गटार वाहतं, भार वाहतात,
देवाला फूलही वाहतात.
बाई हसल्या. "मग मूळ तुझ्या घरात होतं की रे,
माझ्याकडे कशाला जिने चढतोस?"

पेपरात एक शब्द आला, कधी न पाहिलेला:
इन्सपोर्टेबल.
शेजारची पोरगी पेन चावत बसली.
मी नखानं सोलला.
इन, नाही. सब, खाली. पोर्ट, वाहणं. एबल, जमणं.
ज्याच्या खाली उभं राहून वाहणं जमत नाही.

सत्त्याण्णवचा श्रावण. साखरेचं पोतं.
ट्रकच्या फळीवर बापू मध्येच थांबले,
पोतं हळूच टेकवलं, झोपलेलं पोर ठेवावं तसं,
आणि त्याच्या शेजारी बसले.
मुकादमसुद्धा ओरडला नाही.

उत्तर दोन ओळींत लिहिलं.
स्पेलिंग देव जाणे.

निकाल लागायचाय.
शनिवारी बाई म्हणाल्या, "आता व्होक घेऊ.
व्होक म्हणजे हाक. व्होकॅब्युलरीतला व्होक."
तेवढ्यात खालून बांगडेवाली ओरडली.
बाई काठी चाचपत उठल्या.
"थांब. आधी ही."