मर्यादवेल

इथे बघण्यासारखं काही नाही,
असं हॉटेलवाल्यानेच सांगितलं होतं फोनवर,
जरा ओशाळून.
म्हणून आलो.

खरंच नाही.
एक रस्ता, सुरूंची रांग, मग वाळू.
सुरूंखाली चटया, चटयांवर सहकुटुंब दुपार.
बँकॉकहून आलेली एक अख्खी आळी
शर्ट-पँटीसकट पाण्यात उतरते
आणि निथळत तशीच जेवायला बसते.
कुणीतरी उखळीत कच्ची पपई ठेचतंय,
टक् टक्, मध्ये थांबून चव, पुन्हा टक्.
एका आजोबांना नातवंडांनी गळ्यापर्यंत वाळूत पुरलंय
आणि त्यांना डुलकी लागलीय.

प्रानोम टायरच्या ट्यूबा भाड्याने देते.
वीस बाथ, दिवसभर.
ट्रकच्या ट्यूबा, काळ्या, ठिगळं लावलेल्या,
प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा.
सात नंबरची ती कुणालाच देत नाही.
का, ते विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती
आणि सांगायची तिला गरज.

माझ्या मुलीने अकरा नंबर घेतला.
ती सहा वर्षांची. समुद्राला अहो-जाहो करते,
कारण ते मोठे आहेत.
पाणी इतकं उथळ
की पन्नास पावलं गेलं तरी गुडघाच.
मी पुस्तक उघडलं. एक पान वाचलं.
तेच पुन्हा वाचलं.

मग ती किंचाळली.

पोटरीवर लाल वळ, छडी ओढावी तसा,
आणि मारणारा कुठेच नाही.
पाण्यात फक्त पाणी.
मी धावले, आणि धावताना तोंडात
एवढंच येत राहिलं:
आई गं, आई गं.

ते कळलं असावं.
प्रानोम माझ्याआधी पोचली.
चोळायला गेलेला माझा हात तिने फटकन बाजूला सारला,
खांबाला बांधलेली व्हिनेगरची बाटली उपडी केली,
मग उकिडवी बसून
वाळूवर पसरलेल्या वेलीची पानं ओरबाडली,
आपट्यासारखी, टोकाशी दुभंगलेली.
शेजारणीच्या उखळीतली पपई सरळ ताटात ओतली
आणि पानं ठेचली.
टक् टक्.
आता मध्ये न थांबता.

हिरवा लगदा, त्यावर फुंकर.
"फाक् बुंग थले," ती म्हणाली, वेलीकडे बोट दाखवून.
मुलीने हुंदक्यांतून तेच म्हटलं.
मी म्हटलं तेव्हा दोघी हसल्या.

मला या वेलीचं नाव माहीत होतं.
कॉलेजात वाळवून, कागदावर चिकटवून
खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मर्यादवेल.
दहापैकी सहा गुण.
समुद्राने इथवरच यावं, असं बजावणारी.
हे प्रानोमला सांगावंसं वाटलं.
मी वाळूत बोटाने रेघ ओढली,
अलीकडे वेल, पलीकडे लाट,
आणि हात आडवा धरला: बस्, इथपर्यंत.

तिने रेघ पाहिली. लाट पाहिली.
मग उठून टपरीच्या जुन्या खांबाशी गेली
आणि स्वतःच्या छातीच्या उंचीवर
तळवा टेकवला.
तिथे लाकडाचा रंग बदलला होता.
कधी, ते तिने सांगितलं नाही.
वर खिळ्याला सात नंबरची ट्यूब,
हवा भरलेली.

संध्याकाळी ती वीस बाथ परत करू लागली.
मी घेईना, ती ऐकेना.
शेवटी मुलीनेच ते घेतले
आणि गाडीवरून भाजलेली माकुळं आणली,
एका काडीवर तीन.
क्षितिजावर माकुळांच्याच बोटी लागल्या होत्या,
हिरव्या दिव्यांच्या, ओळीने.
"रागावले होते का ते?" मुलीने विचारलं,
समुद्राकडे न बघता.
प्रानोमने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतेय म्हणून.
मी खांदे उडवले.
तिनेही उडवले,
आणि काडीवरचं शेवटचं माकूळ
मुलीच्या हातात ठेवून
ट्यूबा मोजायला उठली.