टाच

बाबा पडले ते साडेअकरा फुटांवरून.
फार नाही, मुकादम म्हणाला,
मांजर असतं तर अंग झटकून चालू पडलं असतं.

मिलफर्डमधलं कुणाचं तरी घर. ऑक्टोबर. छपरावर दव गोठलेलं.
सुरक्षेचा पट्टा ट्रकमध्येच होता, नवाकोरा, गुंडाळलेला.
तो बांधायला दहा मिनिटं लागतात
आणि मजुरी मिळते छपराच्या मापावर,
मिनिटांवर नाही.

हे मला नंतर कळलं, कागद वाचताना.
आमच्या घरात इंग्रजी वाचता येतं ते मला एकटीला.
आई पाकिटं फोडते, मक्याची कणसं सोलावीत तशी,
आणि आतलं माझ्यापुढे सरकवते.
मी सांगत जाते:
रुग्णवाहिका, सात मैलांची.
भूल. भूल देणाऱ्याचं वेगळं.
पोलादी पट्टी एक.
स्क्रू नऊ.
आई विचारते, केवढ्याला एक?
मी सांगते.
बाबा त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसतात.
‘तेवढ्यात अख्खं छप्पर ठोकून देतो मी,
खिळ्यांसकट.’

मुकादम आमच्याच मुलखातला, इक्वेडोरमधल्या कान्यारचा,
फ्रेडी मायान्सेला, माझ्या बाप्तिस्म्याला नाचलेला.
तो म्हणतो, सेगुंदो, तू माझा कामगार नव्हतासच.
सहीचा कागद दाखवतो.
कागदावर बाबा एक कंपनी आहेत.

कंपनी सोफ्यावर पडून असते, पाय दोन उशांवर.
कंपनीला रात्री लघवीला न्यायचं
तर एका बगलेत आई, दुसऱ्या बगलेत मी.
कंपनीच्या तोंडाला चव नाही.
कंपनी झोपेत किचवामध्ये कुणाला तरी ओरडून सांगते,
शिडी धर, शिडी धर.

ट्रक नोव्हेंबरात गेला, खिळे मारायची बंदूक त्याच्यासोबत.
आई आता रात्री हॉटेलच्या चादरी धुते.
कान्यारच्या सावकाराला आम्ही काही कळवलेलं नाही;
त्याचं व्याज लंगडत नाही,
पाच तारखेला बरोबर दारात.
तिकडे आमचं घर अर्धं आहे:
भिंती उभ्या, सळया आभाळात,
छप्पर तेवढं राहिलंय.

वकीलबाईंकडे एक तक्ता होता.
अंगठ्याला इतके आठवडे, डोळ्याला इतके.
मी बोट फिरवत खालपर्यंत गेले. टाच नव्हती.
टाच पावलात धरतात, त्या म्हणाल्या,
आणि पाऊल तर जागेवर आहे ना.
बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी म्हटलं, बघतायत त्या.
पोट हातावर असतं म्हणतात लोकांचं.
बाबांचं टाचेवर होतं;
उतारावर उभ्या माणसाचा भार तीच घेते.

माझा रसायनाचा पेपर बुडाला, तो कुठल्या रकान्यात लिहू?
आईची कंबर?
काल नवं पत्र आलं, जाड कागदाचं, सभ्य:
तीस दिवसांत भरा, नाहीतर पगारावर टाच आणू.
बाबांना पगार नाही.
म्हणजे आईच्या.
तो शब्द मी दोनदा वाचला.

पडताना बाबांनी पन्हळ धरली होती.
ती निखळून आली त्यांच्यासोबत.
घरमालकाने तिचे दोनशे साठ मुकादमाकडून घेतले,
मुकादमाने बाबांच्या शेवटच्या आठवड्यातून.
एवढ्या ढिगात तेवढं एकच बिल
पुरतं फिटलेलं आहे.
आईने त्याची पावती फ्रिजला लावून ठेवलीय,
का ते विचारलं तर सांगत नाही.

आज बर्फ पडतंय.
पायातलं पोलाद आधी गार होतं, मग बाबा.
‘अचाचाय,’ म्हणतात ते,
थंडीला म्हणायचा आमच्या डोंगरातला शब्द,
आणि खिडकीतून समोरच्या छपराकडे बघत
उतार मोजतात,
बोटांवर.